स्नॉर्केल आधी की ब्रीदर आधी? चिखल आणि मांडीभर पाण्यासाठी गाडीची तयारी

वाटाड्या:

गाडीची माहिती आधी देतो. २.५ लिटरचं चार सिलिंडर टर्बो डिझेल, लॅडर चासी, लो रेंजसह (कमी वेग, जास्त ताकद देणारे गिअर) फोर व्हील ड्राइव्ह. मागे सलग अॅक्सल आणि पाटे, पुढे इंडिपेंडन्ट सस्पेन्शन. सामान-माणसं धरून वजन साधारण २२०० किलो. टायर मूळ मापाचे, एटी (ऑल टेरेन).

वाट अशी आहे: दोन किलोमीटर चिकण मातीचा चिखल आणि मधे २५ मीटर रुंद ओढा. पाणी एरवी ५० सेंमी असतं, वर पाऊस झाला की ७० पर्यंत जातं. तळाला गोटे, कडेला गाळ. कंपनीच्या पुस्तकात या गाडीची पाण्याची मर्यादा ५०० मिमी दिली आहे.

स्नॉर्केल बसवायचं जवळपास ठरलं आहे. प्रश्न असे:

१. स्नॉर्केल लावल्यावर ७० सेंमी निर्धास्त जाता येईल का?
२. वायरिंगमध्ये नक्की काय काय सील करायचं?
३. चिखलासाठी एमटी (मड टेरेन) टायर घ्यावेत का, आणि रुतल्यावर काढायला किमान काय जवळ हवं?

सगळं एकदम करणं शक्य नाही, म्हणून क्रम महत्त्वाचा आहे.


लोरेंज:

क्रमच विचारताय तर स्नॉर्केल तिसऱ्या-चौथ्या नंबरवर येतं. स्नॉर्केलमुळे फक्त हवा घ्यायचं तोंड वर जातं. त्या तोंडापासून टर्बोपर्यंतचा रस्ता जिथे फुटका असेल तिथून पाणी आत येतंच, आणि तो बहुतेक गाड्यांमध्ये फुटका असतो.

पाणी किती लागतं ते बघा. तुमचं इंजिन २.५ लिटर, म्हणजे एका सिलिंडरचे ६२५ सीसी. कॉम्प्रेशन १७:१ धरलं तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा ६२५ भागिले १६, म्हणजे सुमारे ३९ मिली. पाणी दाबलं जात नाही. चाळीस मिली पाणी, म्हणजे पोह्याच्या चमच्याने मोजलं तर चार-पाच चमचे, एका सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टन वर येऊ शकत नाही. पण क्रँक मागून रेटतच असते, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. पेट्रोल इंजिनात ही जागा थोडी जास्त असते, पण निष्काळजीपणा परवडेल इतकी नाही.

म्हणून स्नॉर्केल बसवलं की या तीन जागा तपासल्याशिवाय पाण्यात उतरू नका:

पहिली, एअर बॉक्सच्या, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्याच्या, तळाचं भोक. पावसाचं पाणी आणि धूळ बाहेर पडावी म्हणून कंपनी तिथे बदकाच्या चोचीसारखा रबरी व्हॉल्व्ह देते. रबर जुनं झालं की चोच उघडीच राहते. एअर बॉक्स पाण्याखाली, आतून इंजिन ओढतंय, आणि तळाचं भोक उघडं. मग स्नॉर्केल छपराइतकं उंच असून उपयोग काय? व्हॉल्व्ह नवा टाका किंवा भोक बुचाने बंद करा. बुच लावलंत तर बॉक्स अधूनमधून उघडून पुसावा लागेल, कारण मोठ्या पावसात स्नॉर्केलच्या तोंडातून थोडं पाणी येतंच.

दुसरी, बॉक्सच्या झाकणाची रबरी कड आणि फेंडरच्या आतला जोड. बसवणारे पुष्कळदा मूळ वळणाची नळीच ठेवतात आणि ती नुसती दाबून बसवलेली असते. प्रत्येक जोडाला सिलिकॉन आणि वरून होज क्लिप हवी. सिलिकॉन न्यूट्रल क्युअरचंच घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं घेतलंत तर त्यातलं आम्ल एअर फ्लो सेन्सरला आणि तांब्याला खातं.

तिसरी जागा सगळे विसरतात: इंटरकूलर. तो खाली, पुढे, थेट पाण्याच्या तोंडी असतो. बूस्ट असताना, म्हणजे टर्बो हवा दाबून भरत असताना, त्याच्या नळ्यांत बाहेरपेक्षा जास्त दाब असतो, तेव्हा पाणी आत शिरत नाही. पण तुम्ही ओढ्यात हळू, कमी आरपीएमवर जाताय, म्हणजे बूस्ट जवळपास शून्य. क्लिप सैल असेल तर थेंब थेंब पाणी इंटरकूलरच्या तळाशी साठतं. पलीकडे चढावर अॅक्सिलरेटर दाबला की ते सगळं एकदम इंजिनात. ओढा पार झाला आणि मग गाडी बंद पडली, अशा केसमध्ये आधी हे बघा.

तपासायची पद्धत: गाडी आयडलवर ठेवा, रबर चिकटवलेली सपाट फळी स्नॉर्केलच्या तोंडावर दाबा. इंजिन दोन-तीन सेकंदांत अडखळून बंद पडायला हवं. चालूच राहिलं तर कुठूनतरी हवा येतेय, आणि हवा येते तिथून पाणीही येणार. फडकं वापरू नका, ओढलं जातं. रेस देऊन तर हे कधीच करू नका, नळी आत चेपते आणि टर्बोच्या सीलमधून ऑइल ओढलं जातं.

आता ब्रीदर, म्हणजे अॅक्सल आणि गिअरबॉक्सला श्वास घ्यायचं तोंड. माझ्या यादीत हे पहिलं.

डिफ (डिफरन्शियल, अॅक्सलच्या मधला गिअरचा गोळा) चालून चालून तापतो, समजा ८० अंश. तुम्ही तो ३० अंशांच्या पाण्यात बुडवता. आतली हवा आकसते. गणित केलं तर आतला दाब सुमारे १४ टक्क्यांनी पडतो, आणि ही ओढ जवळजवळ दीड मीटर पाण्याच्या दाबाइतकी आहे. तुमचं पाणी ७० सेंमी, पण ऑइल सीलला वाटतं आपण दोन मीटर खोल आहोत. शिवाय सीलची ओठासारखी कड ऑइल आत अडवण्यासाठी घडवलेली असते, बाहेरचं पाणी रोखण्यासाठी नाही. अॅक्सलवर जी छोटी पत्र्याची टोपी असते ती हा दाब सारखा करण्यासाठीच. पण ती स्वतःच पाण्याखाली गेल्यावर हवेऐवजी पाणी ओढते, आणि मातीने चिकटलेली असेल तर काहीच ओढत नाही, मग सीलमधून येतं.

उपाय स्वस्त आहे. टोपी काढून त्याच आट्याचं नळीचं निपल लावा. आतून ६ मिमी चालेल, ८ मिमी उत्तम. डिझेलला चालणारी रबरी नळी घ्या. पुढचा डिफ, मागचा डिफ, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस अशा चार नळ्या फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) वरच्या कडेपर्यंत न्या. सगळ्या एका नळीत जोडण्याचा मोह टाळा. गिअरबॉक्सचं ऑइल आणि डिफचं ऑइल एकमेकांत मिसळायला तो जोड पुरतो.

मागच्या अॅक्सलची नळी कापण्याआधी चासीला जॅक लावा आणि चाकं पूर्ण लोंबू द्या. जमिनीवर मापून कापली तर पहिल्याच खड्ड्यात निपलवरून निसटेल. नळी सतत चढती ठेवा, मधे झोळ पडला की त्यात ऑइल साठून बुच बसतं. सायलेन्सरपासून किमान वीतभर लांब. वरचं टोक खाली तोंड करून आणि त्यावर छोटा फिल्टर. उघडं ठेवलंत तर कुंभारमाशी त्यात मातीचं घर करते आणि ब्रीदर बंद. हे गमतीने लिहिलेलं नाही.

शेवटी नळीच्या टोकातून तोंडाने फुंकून बघा, हवा सहज जायला हवी. कंप्रेसर लावू नका, सील बाहेर येतील.

डिझेल टाकीचा ब्रीदरही कुठे संपतो ते याच फेरीत बघून घ्या.


तारजोड्या:

वायरिंगचं मी सांगतो. ‘सील करणे’ म्हणजे सगळ्यावर सिलिकॉन फासणे अशी समजूत आहे. त्याने पाणी आत जायचं थांबत नाही, आत गेलेलं बाहेर यायचं मात्र थांबतं.

इंजिन बेमधले मूळ कनेक्टर बहुतेक वॉटरप्रूफच असतात. बिघाड होतो तो रबरी सील कडक झाल्यामुळे किंवा खटका तुटल्यामुळे. प्रत्येक कनेक्टर सोडवा. आत हिरवट बुरशी असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा. मग डायइलेक्ट्रिक सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फक्त रबरी कडेला द्या. पूर्ण पोकळी ग्रीसने भरली तर आतली हवा निघायला वाव राहत नाही, खटका नीट बसत नाही आणि आठवड्याने कनेक्टर आपोआप सुटतो. पेट्रोलियम जेली रबराला लावू नका, काही रबरं तिच्याने फुगतात. बॅटरीच्या टर्मिनलवर बाहेरून चालते.

पाण्याचा खरा रस्ता म्हणजे नंतर जोडलेल्या वायरी. जादा लाइट, ट्रेलरचं सॉकेट, रिव्हर्स कॅमेरा. वायरीला चावून बसणाऱ्या क्लिपा आणि नुसती टेप गुंडाळलेले जोड काढून टाका. क्रिंप करा आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी. तांब्याच्या बारीक तारांमधून पाणी दिव्याच्या वातीसारखं चढतं, हातभर लांबच्या कनेक्टरपर्यंत पोचतं, आणि दोष दिसतो एकीकडे, मूळ असतं दुसरीकडे.

मग हे शोधा: ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, कुठे आहे? काही गाड्यांत तो सीटखाली किंवा पायाशी असतो. एअरबॅगचा मॉड्यूल तर पुष्कळदा मधल्या कन्सोलखाली, थेट फ्लोअरवर असतो. ७० सेंमी पाण्यात तुमचा फ्लोअर नक्की ओला होणार. ईसीयू वर हलवता येत असेल तर हलवा. एअरबॅगचा मॉड्यूल हलवायचा नसतो, कारण धक्क्याची दिशा तो त्याच जागेवरून मोजतो. त्याचा कनेक्टर तेवढा तपासा.

फ्यूज बॉक्सच्या तळाचं निचऱ्याचं भोक उघडं आहे ना, ते बघा. अर्थिंगचे बोल्ट सोडून पत्रा घासा आणि परत आवळा. पाण्यानंतर येणाऱ्या विचित्र खोड्यांमध्ये अर्थिंगचा वाटा मोठा असतो.

अल्टरनेटर ओला झाल्याने लगेच मरत नाही. मारतो तो चिखल. ब्रश आणि स्लिप रिंगमध्ये बारीक वाळू गेली की सॅंडपेपर चालल्यासारखं होतं. परतल्यावर इंजिन बंद करून, गार झाल्यावर साध्या नळाच्या धारेने धुवा. प्रेशर वॉशर नको.

स्टार्टर मोटर बहुधा खाली, बेलहाऊसिंगला (क्लचभोवतीच्या कवचाला) चिकटून असते. तिला वरच्या बाजूला ब्रीदर नळी देता येते, पण सगळ्या मॉडेलना तशी जागा नसते.


वाटाड्या:

ब्रीदरचं अजिबात डोक्यात नव्हतं. दोन शंका आहेत. रेडिएटरचा फॅन पाण्यात आला तर काय होतं? गाडीला व्हिस्कस फॅन आहे, आणि एसीसाठी पुढे एक इलेक्ट्रिक. दुसरं म्हणजे, पाण्यात क्लच दाबू नये असं ऐकलंय. त्यामागचं कारण काय?


लोरेंज:

फिरणारी पाती पाण्यात गेली की बोटीच्या पंख्यासारखी वागतात. स्वतःला पुढे ओढतात, प्लास्टिकची पाती पुढे वाकते आणि रेडिएटरच्या जाळीवर गोल कापते. तुमचा व्हिस्कस फॅन इंजिन गार असताना सैल असतो, पाण्याचा रोध आला की तो जवळपास थांबतो. म्हणून ओढ्याच्या काठावर पाच-दहा मिनिटं आयडलवर थांबा. टर्बो आणि डिस्कही थोडे निवतात, गरम लोखंडावर एकदम गार पाणी पडत नाही. इलेक्ट्रिक फॅनसाठी एसी बंद करा, शक्य असेल तर त्याचा फ्यूजच काढा. मधेच सुरू झाला तर पाती मोडतात, नाहीतर मोटर जळते.

पुढून बॉनेटच्या कडेपासून बंपरखालपर्यंत जाड ताडपत्री ताणून बांधली तर इंजिन बेमध्ये पाणी कमी चढतं. ताडपत्रीचा उपयोग गाडी पुढे सरकत असतानाच. थांबलात की आतलं आणि बाहेरचं पाणी एका पातळीला येतं. पलीकडे गेल्याबरोबर सोडा, रेडिएटरला वारा लागू द्या.

क्लचचं सोपं आहे. पेडल दाबलं की प्लेट आणि फ्लायव्हीलमध्ये फट पडते. बेलहाऊसिंगमध्ये पाणी असेल तर ते त्या फटीत जातं, सोबत गाळ घेऊन. प्लेट ओली झाली की घसरते, म्हणजे ऐन मधे गाडीची ताकद गेली. म्हणून गिअर काठावरच निवडायचा. लो रेंज, दुसरा गिअर, आणि पलीकडे जाईपर्यंत डावा पाय पेडलपासून लांब.

बेलहाऊसिंगच्या तळाला निचऱ्याचं भोक असतं. जुन्या लँड रोव्हर डिफेंडरमध्ये तिथे आट्याचं बुच बसवायची सोयच दिलेली आहे. तुमच्या गाडीला तशी आटी असेल तर बुच पाण्याआधी लावा, नंतर आठवणीने काढा. कायम लावून ठेवलंत तर मागच्या क्रँक सीलमधून झिरपणारं ऑइल आत साठून प्लेट खराब करतं, आणि गळती आहे हे तुम्हाला कळतही नाही.


ओढाकाठ:

तयारी नीट चालली आहे, पण ७० सेंमीला ‘निर्धास्त’ हा शब्द बसत नाही. इंजिन कोरडं राहिलं तरी गाडी तरंगू शकते.

तुमच्या गाडीचा फ्लोअर जमिनीपासून ४५ सेंमी धरू. ७० सेंमी पाण्यात केबिनचा २५ सेंमी भाग पाण्याखाली. केबिनचं क्षेत्रफळ ५ चौरस मीटर धरलं तर १.२५ घनमीटर पाणी बाजूला सारलं, म्हणजे १२५० किलोची वर उचल. दरवाजे घट्ट बंद असतील तर २२०० किलोच्या गाडीचं चाकांवर उरलं ९५० किलो. पाणी आत झिरपेल तशी उचल कमी होईल, पण पहिल्या मिनिटात, जेव्हा तुम्ही मधोमध असता, तेव्हा हाच हिशेब.

आता पाण्याला ओढ असेल तर? आडव्या बाजूचा २ चौरस मीटर भाग पाण्याखाली धरा. पाणी सेकंदाला १ मीटर वाहत असेल तर सुमारे ११० किलोचा रेटा. सेकंदाला २ मीटर असेल तर ४५० किलो. वेग दुप्पट, रेटा चौपट. शेवाळलेल्या गोट्यांवर ९५० किलोची पकड तीनशे-साडेतीनशे किलोच्या वर जात नाही. म्हणजे गाडी सरकते. कुठलाही डिफ लॉक तिथे कामाचा नाही.

वेग मोजायला काडी टाका. दहा मीटर जायला पाच सेकंद लागले तर तो सेकंदाला २ मीटर झाला, आणि त्या दिवशी जायचं नाही. पुढे काठी घेऊन चालत जा, वाहत्या पाण्यात ते गुडघ्याच्या वर आलं आणि पाय उचलताना तोल जाऊ लागला तर तोच निकाल समजा. काठीने तळ चाचपताना गोट्यांपेक्षा कडेच्या गाळाकडे जास्त लक्ष द्या. गाडी अडकते ती बहुधा बाहेर पडताना, पुढची चाकं काठाच्या गाळात आणि मागची अजून खोल पाण्यात असताना.

फ्लोअरची रबरी बुचं काढून ठेवली तर पाणी लवकर आत येतं आणि गाडी जड राहते. गालिचे आधी काढा. ऐकायला उलटं वाटतं, पण ओला फ्लोअर पुसता येतो.

चालवताना: ताशी दोन-तीन किमीने आत शिरा, मग पाच-सहापर्यंत वाढवा आणि तिथेच धरा. बंपरपुढे एक लाट तयार होते आणि तिच्या मागे, इंजिन बेमध्ये, पाण्याची पातळी खाली बसते. लाटेच्या पुढे गेलात की पाणी बॉनेटवर, मागे पडलात की फॅनवर. इंजिन १५०० ते २००० वर स्थिर ठेवा. फोर्ड रेंजरला कंपनीने ८०० मिमी मर्यादा दिली आहे, तीही ताशी ७ किमीच्या अटीवर. आकडा सगळे सांगतात, अट कोणी सांगत नाही. कंपनीचा तुमचा आकडा ५०० आहे, तो तुमच्या ब्रीदर-स्नॉर्केलने अधिकृतपणे वाढत नाही हेही लक्षात असू द्या.


रुतलेला:

तिसरा प्रश्न माझा प्रांत. टायर बदलण्याआधी हवा कमी करून बघा, फुकटचं काम आहे. रस्त्यावर ३३ पीएसआय असेल तर चिकण मातीत २० वर आणा, फारच वाईट असेल तर १६ ते १८. बीडलॉक (टायरची कड रिमला आवळून धरणारी कडी) नसताना १५ च्या खाली नको, वळताना टायर रिममधून निसटतो. टायरचा ठसा रुंदीला फारसा वाढत नाही, लांबीला वाढतो, आणि पकड त्या लांबीतून येते. मात्र या हवेवर ताशी २०-२५ च्या वर जाऊ नका आणि ओढ्यातले गोटे हळू घ्या, फुगलेली बगल धारदार दगडाने कापते. कंप्रेसर सोबत नसेल तर हवा कमी करू नका, कारण परत कशी भरणार?

एटी टायरची गोम ही की चिकण माती त्याच्या बारीक खाचांमध्ये भरते आणि दोन फेऱ्यांत तो गुळगुळीत रूळ होतो. एमटीच्या खाचा रुंद असतात, चाक जोरात फिरलं की माती उडून जाते. ‘जोरात फिरलं की’ हे महत्त्वाचं, नुसतं रांगत राहिलात तर एमटीही भरतो. दोन किलोमीटर निव्वळ चिकण माती असेल तर एमटी घ्या, पण मोठा नाही. रुंद टायर हवाच असंही नाही. चिखलाखाली वीतभर खोल कठीण जमीन असेल तर अरुंद टायर कापत खाली जाऊन तिला धरतो, रुंद टायर वर तरंगून घसरतो. तळ लागतच नसेल तर रुंद बरा. इथेही काठी खुपसून बघणं आलंच.

एक गैरसमज: सस्पेन्शन उचललं की चिखलात अडचण कमी होते. चासी उचलली जाते, पण मागचा सलग अॅक्सल आहे तिथेच. त्याचा गोळा नांगरासारखा चिखल ओढत असतो. तो उचलायला टायरचा व्यासच वाढवावा लागतो, ५ सेंमी व्यास वाढवला तर गोळा अडीच सेंमी वर. सोबत गिअरिंग जड होतं, टायर आतल्या प्लास्टिकला घासतो. तुमच्या कामासाठी मूळ माप ठीक आहे.

आता रुतल्यावर. सैन्याच्या रिकव्हरीत वापरला जाणारा ठोकताळा असा: चाकांपर्यंत रुतली तर गाडीच्या वजनाइतका रोध, मडगार्डपर्यंत तर दुप्पट, केबिनपर्यंत तर तिप्पट. म्हणजे तुमची गाडी मडगार्डपर्यंत गेली की ४४०० किलोचा नुसता चिखलाचा रोध. आता तुमच्या बंपरखालच्या त्या पातळ कडीकडे बघा. ती गाडी वाहतुकीच्या ट्रकवर बांधायची कडी आहे, ओढायची नाही. पुढे आणि मागे चासीला दोन-दोन बोल्टांनी, ८.८ किंवा १०.९ ग्रेडच्या, बसवलेले रेटेड हूक आधी घ्या, विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) नंतर. ट्रेलरच्या बॉलला पट्टा अडकवू नका. बॉल तुटला तर गोळी सुटावी तसा समोरच्या गाडीच्या काचेतून जातो, त्याने माणसं मेली आहेत.

किमान सामान: फावडं, दोन ट्रॅक्शन बोर्ड (चाकाखाली घालायच्या दातेरी फळ्या), ८ टनी स्नॅच पट्टा (ताणला जाणारा ओढायचा पट्टा), ४.७५ टनी दोन बो शॅकल (पट्टा हुकाला जोडायच्या कड्या) किंवा दोराचे सॉफ्ट शॅकल, जाड हातमोजे. विंच घ्यायचंच असेल तर भरलेल्या वजनाच्या दीडपट, म्हणजे ३३०० किलोच्या वर, बाजारात मिळणारं ९५०० पाउंडांचं, म्हणजे साधारण ४३०० किलोचं, पुरेल. हा आकडा ड्रमवरच्या पहिल्या थराचा असतो, बाहेरच्या थरांवर ताकद उतरत जाते. म्हणून दोर भरपूर सोडा, किंवा स्नॅच ब्लॉक (कप्पी) लावून ओढ दुप्पट करा. आणि इंजिन चालू ठेवा, पूर्ण ओढीवर विंच चारशे अँपियरच्या आसपास करंट खातं.

पट्टा ओढण्याआधी फावडं चालवा. चारही चाकांपुढे उतार काढा आणि डिफच्या गोळ्याखालची माती सोडवा. गाडीला धरून ठेवते ती खालची चूषण, तिच्यात हवा शिरली की निम्मं काम झालं. बोर्ड चाकाखाली घट्ट खुपसा आणि रेस हळू द्या. चाक जागीच फिरलं तर बोर्डाचे दात वितळतात.

आणि हे ओढ्यासाठी: पाण्यात उतरण्यापूर्वीच पट्टा मागच्या हुकाला शॅकलने लावून त्याचं दुसरं टोक छताच्या कॅरिअरला हलकं बांधून ठेवा. बंद पडल्यावर गढूळ पाण्याखाली हूक शोधत बसावं लागत नाही.


तारजोड्या:

वरच्या विंचबद्दल एक पुरवणी. विंचचा सोलेनॉइड बॉक्स (मोटर चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचांचा डबा) बंपरमध्ये असेल तर तो वर इंजिन बेमध्ये घ्या, आणि बॅटरीपाशी करंट पूर्ण तोडणारा मोठा आयसोलेटर स्विच लावा. पाण्याने सोलेनॉइड चिकटला तर विंच स्वतःहून गुंडाळायला लागतं आणि रिमोट ऐकत नाही.


ग्रीसगन:

परत आल्यावरचं कोणी फारसं लिहिलं नाही. अर्धी नासाडी घरी उभ्या गाडीत होते.

पाण्यातून बाहेर आल्याबरोबर डाव्या पायाने हलका ब्रेक दाबून शंभर-दीडशे मीटर चालवा, ड्रम आणि डिस्क वाळतात. रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओले लायनर ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा.

त्याच दिवशी ग्रीस गन घ्या. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि पाट्यांच्या पिना, निपलमधून नवं ग्रीस मारा, चारही बाजूंनी मळकं बाहेर पडून स्वच्छ दिसेपर्यंत. उद्यावर ढकललंत तर सुयांसारख्या बेअरिंगवर गंज बसायला सुरुवात झालेली असते.

डिफ रात्रभर उभा ठेवा. सकाळी आधी भरण्याचं बुच सैल होतंय का बघा, ते अडकलेलं असेल आणि खालचं उघडून बसलात तर परत भरणार कुठून? मग खालचं बुच हळूहळू सैल करा, काढू नका. पाणी जड असल्याने तळाला बसतं, पहिले थेंब पाण्याचे आले तर कळलंच. थेंब दुधाळ, चहासारखे आले तर ऑइल आणि पाणी घुसळलं गेलंय, ते आता बसणार नाही. पूर्ण काढा, साधं ८०डब्ल्यू-९० भरून चार-पाच किलोमीटर चालवा, पुन्हा काढा आणि मग कायमचं भरा. असंच गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केसचं, तिथे मात्र पुस्तकातलाच ग्रेड.

रेडिएटर आणि एसी कंडेन्सरच्या मधल्या फटीत चिखल वाळला की गाडी आठवड्याने तापू लागते आणि दोष थर्मोस्टॅटवर जातो. गार झाल्यावर इंजिनाच्या बाजूने बाहेर, कमी दाबाने पाणी मारा. चासीच्या आतल्या पोकळीत नळी घालून तळाच्या भोकांतून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. रिमच्या आतल्या बाजूचा चिखल काढा, नाहीतर ताशी ६० ला स्टीअरिंग थरथरतं आणि लोक अलाइनमेंट करून घेतात.

आता वाईट वेळ: गाडी पाण्यात बंद पडली. सेल्फ मारू नका. एकदाही नाही. पाणी शिरलंय पण रॉड अजून शाबूत आहे, अशी शक्यता असते. सेल्फ मारला तर तोही वाकू शकतो. ओढून बाहेर काढा, बॅटरी सोडा, एअर फिल्टर बघा. कागद कोरडा असेल आणि इंटरकूलरची खालची नळी सोडल्यावर पाणी आलं नाही, तर दोष बहुधा वायरिंगचा. ओला असेल तर चारही ग्लो प्लग काढा, इंजेक्टरचे कनेक्टर सोडा, क्रँकच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. अडलं तर तिथेच थांबा. नीट फिरलं तर बॅटरी जोडून सेल्फवर फिरवा. भोकांसमोर तोंड नेऊ नका, पाणी पिचकारीसारखं उडतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर ऑइल काढा, फिल्टरसकट बदला, दहा मिनिटं आयडलवर चालवा आणि परत बदला. डिझेल फिल्टरच्या तळाचं पाणी सोडा. सुरू झाल्यावर कॉम्प्रेशन मोजून घ्या. एका सिलिंडरचं बाकीच्यांपेक्षा ठळक कमी आलं तर रॉड थोडा वाकलाय, पिस्टन पूर्ण वर पोचत नाही. तशी गाडी चालते, पण जास्त दिवस नाही.


वाटाड्या:

मग क्रम असा धरतो: चार ब्रीदर, एअर बॉक्सचा व्हॉल्व्ह आणि इंटरकूलरच्या क्लिपा, पुढचे-मागचे हूक, कनेक्टर. नंतर स्नॉर्केल आणि फळीची टेस्ट. टायर एटीच ठेवून आधी हवा कमी करून बघतो. सत्तर सेंमीला जायचं की नाही ते काडी आणि काठी ठरवेल. एक राहिलं: टायरच्या चेन चिखलात चालतात का? एमटीऐवजी?


रुतलेला:

चालतात, चिकण मातीत तर उत्तम. एकाच अॅक्सलच्या दोन्ही चाकांना लावा, एका चाकाला नाही. आधी मागे लावा. पुढे लावायच्या असतील तर स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून चेन ब्रेकच्या नळीला घासत नाही ना ते हाताने बघा. शंभर मीटर गेल्यावर थांबून परत ताणा, पहिल्यांदा सैल होतातच. गोट्यांच्या ओढ्यात शिरण्याआधी काढा.